दातांखाली दडलेला ताण : किशोरवयीन मुलांच्या तोंडाच्या सवयी आणि मनाचे आरोग्य

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही दोघे आपल्यासमोर उभे आहोत. आमच्यापैकी एक दातांचे काम करतो आणि दुसरी शाळा-कॉलेजातील मुलांच्या समुपदेशनाचे काम करते. दात आणि मन यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न काही जणांच्या मनात आला असेल. परंतु एकाच घरातील एकच मूल कधी दाताच्या तक्रारीसाठी एकाकडे येते आणि कधी मनाच्या तक्रारीसाठी दुसऱ्याकडे जाते. दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकच असते. म्हणून हा विषय दोघांनी मिळून मांडायचे आम्ही ठरवले.

भाषेला जे ठाऊक आहे

वास्तविक पाहता हा संबंध आपल्या मराठी भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. माणूस संतापला की तो दातओठ खातो. घाबरला की त्याची दातखिळी बसते. अन्याय होत असूनही बोलण्याची सोय नसेल, तर आपण म्हणतो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. सत्य माहीत असून जो गप्प बसतो, तो मूग गिळून बसतो. राग, भीती, अपमान, लाचारी या सगळ्या भावनांसाठी आपल्या आजी-पणजींनी तोंडाचेच शब्द वापरले. मनातले जे बाहेर पडत नाही ते जबड्यात येऊन थांबते, हे त्यांनी पाहिलेले होते. आजचे वैद्यकशास्त्र तेच अधिक नेमकेपणाने सांगते, आणि या अनुभवाला कुठे मर्यादा आहेत तेही सांगते. त्या दोन्ही गोष्टी आज आपण पाहू.

दात आवळणे म्हणजे काय?

प्रथम एक छोटासा प्रयोग करू. सर्वांनी आहे तसे बसून फक्त आपल्या तोंडाकडे लक्ष द्यावे. ओठ मिटलेले असतील. पण वरचे दात आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का? ज्यांचे टेकलेले असतील, त्यांनी ते सैल सोडावेत.

निरोगी माणसाच्या तोंडात विश्रांतीच्या वेळी वरच्या व खालच्या दातांमध्ये थोडी फट असते, सुमारे दोन ते चार मिलिमीटर. दात एकमेकांना लागतात ते घास चावताना आणि गिळताना. दिवसाच्या चोवीस तासांत हा वेळ अगदी थोडा असतो. बाकी सर्व वेळ जबड्याच्या स्नायूंना विश्रांती मिळायला हवी. जे मूल अभ्यास करताना, मोबाईलवर खेळताना किंवा नुसते विचार करताना तासन् तास दात आवळून बसते, त्याच्या स्नायूंना ही विश्रांती मिळत नाही. हाताची मूठ दिवसभर आवळून ठेवली तर हाताचे काय होईल, ते जबड्याचे होते.

दुसरा प्रकार झोपेतला. काही मुले रात्री दात करकर वाजवतात. आपण त्याला दात खाणे म्हणतो. बाजूला झोपलेल्या भावंडाला तो आवाज ऐकू येतो, मात्र त्या मुलाला स्वतःला पत्ता नसतो. जगभरातील तज्ज्ञांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये एकत्र येऊन या विषयाची व्याख्या ठरवली. जागेपणी दात आवळणे आणि झोपेत दात खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांनी सांगितले. निरोगी माणसात ही गोष्ट म्हणजे रोग नव्हे. ती स्नायूंची एक वर्तणूक आहे, मात्र तिच्यामुळे पुढे नुकसान होऊ शकते, असेही त्यांनी स्पष्ट केले. पालकांनी हे वाक्य विशेष लक्षात ठेवावे. मूल रात्री दात खाते म्हणून ते आजारी ठरत नाही, आणि ‘त्याच्या मनात काहीतरी बिघडले’ असेही लगेच ठरत नाही.

याच कुटुंबात इतर सवयी येतात. नखे खाणे, ओठ चावणे, ओठांची साले काढणे, गालाचा आतला भाग चावणे, पेन्सिल किंवा पेनाचे टोपण चघळणे, शर्टाची कॉलर किंवा ओढणीचे टोक तोंडात धरणे. वर्गात परीक्षेचे पेपर वाटले जात असताना कोणत्याही शिक्षकांनी मुलांच्या तोंडाकडे पाहावे. यांतील निम्म्या सवयी तिथे दिसतील.

नुकसान कसे होते?

दाताचे वरचे आवरण हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते. हे आवरण एकदा झिजले की शरीर ते पुन्हा तयार करू शकत नाही. साधारण बारा-तेराव्या वर्षापर्यंत अठ्ठावीस कायमचे दात तोंडात आलेले असतात, आणि तेच पुढची साठ-सत्तर वर्षे वापरायचे असतात. म्हणून या वयातील झीज महत्त्वाची.

खुणा पुढीलप्रमाणे दिसतात. दातांची टोके सपाट होतात. गार पाणी लागले की ठणका येतो. सकाळी उठल्यावर कानशिले दुखतात, जबडा जड वाटतो. तोंड उघडताना कानाच्या पुढच्या सांध्यात कट् असा आवाज येतो. गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरट वळ उमटतो, जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटतात. नखे खाणाऱ्यांच्या पुढच्या दातांचे टवके उडतात, बोटांना नखुरडे होते.

येथे एका जुन्या समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. मूल रात्री दात खाऊ लागले की घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, पोटात जंत झाले. जंतांमुळेच मूल दात खाते, असे शास्त्राने ठामपणे सिद्ध केलेले नाही. उलट बाजू मात्र खरी आहे : नखे खाणाऱ्या मुलाच्या पोटात नखांतल्या घाणीबरोबर जंतांची अंडी जातात. तेव्हा २०१५ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी मुलांना जरूर द्यावी, ती त्यांच्या रक्तासाठी आणि वाढीसाठी हिताची आहे. पण गोळी देऊन झाली म्हणजे चौकशी संपली, असे समजू नये.

मनाचा धागा

झोपेत दात खाण्याची कारणे अनेक आहेत. झोप मध्येच हलकी होते, हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू आवळले जातात. काही घराण्यांत ही सवय पिढ्यान् पिढ्या दिसते. वाढलेल्या टॉन्सिलमुळे तोंडाने श्वास घेणारी व घोरणारी मुले असतात. रात्री उशिरा घेतलेला चहा-कॉफी, तंबाखू, दारू यांनी ते वाढते. मनाच्या आजारावरील काही औषधांमुळेही ते होऊ शकते. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. लहान मुलांत तर ही सवय पुष्कळदा आपोआप कमी होत जाते.

जागेपणी दात आवळण्याचा संबंध मात्र चिंता, ताण आणि दाबून ठेवलेल्या भावनांशी अधिक जवळचा आहे. शरीराला धोका वाटला की ते सामना करण्याची तयारी करते. श्वास जलद होतो, खांदे वर जातात, जबडा आवळतो. वाघ समोर आला असता तर माणूस धावला असता वा लढला असता, आणि स्नायू पुन्हा सैल झाले असते. विद्यार्थ्यासमोर वाघ नसतो. त्याच्यासमोर चाचणीचे गुण असतात, क्लासची फी असते, घरातले भांडण असते, वर्गातला टोमणा असतो. तिथून त्याला पळता येत नाही आणि लढताही येत नाही. त्यामुळे आवळलेला जबडा आवळलेलाच राहतो.

टोमण्यांबद्दल थोडे अधिक सांगतो. ब्राझीलमधील संशोधकांनी १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. शाळेत शब्दांनी होणारा छळ आणि रात्री दात खाणे यांचा संबंध त्यात आढळला. एकामुळेच दुसरे होते, असे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण मुलाचे दात झिजलेले दिसले तर त्याला शाळेत कोणी त्रास देते का, हेही विचारावे, एवढी दिशा त्यातून नक्की मिळते.

आपल्या पुण्यात हा प्रश्न विचारण्याची फार गरज आहे. पुण्याला आपण विद्येचे माहेरघर म्हणतो. त्या माहेरघरात आपली मुले ताडीवाला रोड, दांडेकर पूल, जनता वसाहत, बोपोडी, येरवडा येथील वस्त्यांतून येतात. कित्येकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच असतात. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, शेजारी चालू असलेला टीव्ही, आणि अभ्यास करायचा तर रात्री अकरानंतर. मुलांवर आई-बापांच्या कष्टांचे ओझे असते, ते कोणी मुद्दाम टाकलेले नसते, तरी असते.

आमच्याकडे अकरावीत शिकणारी एक मुलगी आली होती. तिचा कान दुखत होता, म्हणून घरच्यांनी तीन महिने कानात थेंब घातले. कान स्वच्छ होता. दुखत होता तो कानापुढचा सांधा, आणि तो दुखत होता दिवसभर दात आवळल्यामुळे. पाचव्या भेटीत ती बोलली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि आता कॉलेजात सर्व इंग्रजीत. वाचायला उभी राहिली की मागच्या बाकावरून तिच्या उच्चारांची नक्कल होई. पहिल्याच आठवड्यात एकीने आडनाव विचारले, आणि मग ‘तुला काय, तुला मिळतीलच’ असे दुसरीने हसत म्हटले. हे तिने घरी सांगितले नव्हते. का सांगितले नाही, असे विचारल्यावर म्हणाली, ‘पप्पांनी खूप कर्ज काढलंय. त्यांना वाटेल मी कॉलेज सोडायला बघतेय.’

या मुलीला दातांचे उपचार लागलेच. पण खरा फरक पडला तो तिने वडिलांना सांगितल्यानंतर, आणि वडिलांनी न रागावता ऐकून घेतल्यानंतर. ते कॉलेजात जाऊन शिक्षकांना भेटले. टोमणे एका दिवसात थांबले नाहीत. पण आपण एकटे नाही, हे तिला कळले. अपमान गिळणे म्हणजे सहनशीलता, अशी शिकवण आपण मुलांना कळत-नकळत देत असू, तर ती थांबवली पाहिजे.

आकडे काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात १० ते १९ वयोगटातील दर सातांपैकी एकाला मनाच्या आरोग्याचा काही ना काही विकार असतो. आपल्या देशात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. त्या सर्वेक्षणातील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी साठ मुलांच्या वर्गात चार-पाच मुले, एवढा अंदाज आपल्याला बांधता येतो. या मुलांना आपण आळशी, हट्टी, ‘नाटकी’ म्हणतो. त्यांना मदतीची गरज आहे, हे मात्र क्वचित ओळखतो.

तोंडाची आणखी एक सवय

ताण घालवण्यासाठी तोंडात काहीतरी धरायचे, ही गोष्ट नखांवर आणि पेनावर थांबली तर बरे. पुष्कळदा ती मिश्री, तंबाखू, सुपारी आणि गुटख्यावर जाते. सकाळी आजी मिश्री लावते, ते पाहून नातही लावते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो लपूनछपून मिळतो. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकू नयेत असा २००३ चा कायदा आहे. असे असूनही २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले-मुली तंबाखूचे सेवन करताना आढळली.

सुपारी आणि गुटख्यामुळे गालाची आतली कातडी कडक होते आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होत जाते. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी ठेवून ती तोंडात जातात का, हे प्रत्येकाने पाहावे. जात नसतील, किंवा तिखट खाल्ल्यावर तोंडाची आग होत असेल, तर दंतवैद्याकडे जाण्यास एक दिवसही उशीर करू नये, कारण यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. व्यसन सोडायला मदत हवी असेल, तर १९८६ पासून काम करणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आपल्याच पुण्यात, येरवड्याला आहे.

दात आवळून यश मिळते का?

काही विद्यार्थी म्हणतील, ‘सर, दातओठ खाल्ल्याशिवाय यश मिळत नाही.’ या प्रश्नाचे उत्तर भगवान बुद्धांच्या चरित्रातच आहे, आणि ते आपल्या विषयाला अगदी धरून आहे. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात तथागत आपल्या तपश्चर्येची हकीकत सांगतात. दातांवर दात दाबून, जीभ टाळूला लावून, चित्ताला बळाने चिरडण्याचा प्रयत्न त्यांनी केला. त्यांच्या काखांतून घाम वाहू लागला. जोम कमी पडला नाही. पण शरीर अशांत आणि थकलेले राहिले. पुढे श्वास कोंडणे झाले, उपासमार झाली. अखेर त्यांना आठवले ते बालपणी जांभळाच्या झाडाच्या सावलीत सहज लागलेले शांत ध्यान. मार्ग तो आहे, हे ओळखून त्यांनी अन्न घेतले आणि देहदंडाचा मार्ग सोडला.

अभ्यासू मंडळी म्हणतील की वितक्कसंठान सुत्तात वाईट विचार घालवण्यासाठी दात दाबण्याचा उपाय सांगितलेला आहे. बरोबर आहे. पण तिथे तो पाच उपायांतला पाचवा आहे. आधीचे चार उपाय विचार बदलण्याचे, त्याचे दुष्परिणाम ओळखण्याचे, त्याकडे लक्ष न देण्याचे आणि त्याला हळूहळू शांत करण्याचे आहेत. आपली मुले मात्र पाचव्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. नेटाने अभ्यास जरूर करावा. आवळलेल्या जबड्याने लक्षात राहणारे वाढत नाही, फक्त डोके दुखते.

उपाय : विद्यार्थ्यांसाठी

१. एक सूत्र पाठ करा : ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. वहीच्या कोपऱ्यावर, मोबाईलच्या मागे, घड्याळाच्या पट्ट्यावर एक रंगीत टिकली लावा. टिकली दिसली की जबडा तपासा आणि सैल सोडा.

२. सवय मोडायची तर आधी ती केव्हा होते ते पाहा. अमेरिकेतील अझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सवयींसाठी एक पद्धत मांडली. बोट तोंडाकडे जाते तो क्षण ओळखायचा, आणि त्याच वेळी ते काम होऊच शकणार नाही अशी दुसरी क्रिया करायची. नखे खाणाऱ्याने मूठ मिटून मिनिटभर मांडीवर ठेवावी. आठवडाभर वहीत नोंद ठेवावी : कोणत्या वेळी, कोणासमोर, कोणत्या विषयाच्या तासाला. ती नोंद आपल्याच मनाविषयी बरेच सांगून जाते.

३. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. संध्याकाळनंतर चहा बंद. झोपण्यापूर्वी अर्धा तास मोबाईल दूर. जबडा दुखत असेल तर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेक द्यावा, च्युइंगम व कडक पदार्थ टाळावेत.

४. रोज दहा मिनिटे आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहणे. राज्यातील अनेक शाळांत ‘मित्र’ उपक्रमातून ते शिकवले गेले आहे. त्याने जबडा कधी आवळतो हे लवकर लक्षात येते. मात्र खूप उदास वाटत असेल, तर त्यावरच विसंबून न राहता डॉक्टरांनाही भेटावे.

उपाय : पालकांसाठी

नखे खाणाऱ्या मुलाच्या बोटांना मिरची किंवा कडुलिंब चोळणे, पाहुण्यांसमोर ‘एवढा घोडा झाला तरी नखे खातो’ असे म्हणणे, हातावर फटका मारणे, हे बंद करावे. लाज वाटली की ताण वाढतो आणि ताण वाढला की बोट पुन्हा तोंडात जाते. त्याऐवजी एकट्याला गाठून साधे विचारावे, ‘हल्ली कॉलेजात कसं चाललंय? कोणी काही बोलतं का?’ पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. पुन्हा विचारावे. उत्तर मिळाले की लगेच उपदेश करू नये.

सवय नव्याने सुरू झाली असेल किंवा एकदम वाढली असेल, आणि तिच्याबरोबर झोप उडणे, जेवण तुटणे, मित्र सोडणे, आवडीच्या गोष्टी टाकणे, सतत चिडणे वा रडणे यांपैकी काही दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर मनाच्या डॉक्टरांकडे जावे. जगणे नको असल्याची भाषा मुलाच्या तोंडी आली, तर दोन आठवडेही थांबू नये. त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात येतो, हा गैरसमज आहे. विचारल्याने मुलाला बोलायला वाट मिळते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये.

कोठे जावे?

दातांसाठी धनकवडी येथील भारती विद्यापीठाचे, पिंपरी येथील डॉ. डी. वाय. पाटील यांचे आणि कॅम्पातील आझम कॅम्पसमधील रंगूनवाला दंत महाविद्यालय यांच्या रुग्णालयांत तपासणी होते. दातांची झीज थांबवण्यासाठी दंतवैद्य रात्री घालायची एक पट्टी बनवून देतात. ती दात वाचवते, मनाचा ताण घालवत नाही. आणि वाढत्या वयात ती दंतवैद्याच्या देखरेखीखालीच वापरावी. बाजारातून आणून घालू नये.

मनासाठी ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुला-मुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक चालवली जातात. ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, दिवसा-रात्री केव्हाही करता येतो आणि मराठीत बोलता येते. छळ होत असलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात राज्य परीक्षा मंडळही समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करते. ते घराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

येथे एक अडचण आम्हाला ठाऊक आहे. पुण्यात कोणाची थट्टा करायची असली की ‘याला येरवड्याला पाठवा’ असे म्हणतात. तिथल्या मनोरुग्णालयाच्या नावाने आपण विनोद करतो, आणि मग आपल्याच घरात कोणाला गरज पडली की तो विनोद आपल्याला अडवतो. ‘लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे होईल’ म्हणून आपण दार लावून घेतो. दात दुखला की दंतवैद्याकडे जाण्यात लाज नसते. मनाचेही तसेच असले पाहिजे. निदान आपल्या संस्थेच्या सभासदांनी तरी हा विनोद आजपासून तोंडातून काढून टाकावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

संस्थेने काय करावे?

शेवटी दोन सूचना. संस्थेच्या वार्षिक आरोग्य शिबिरात रक्तदाब, साखर यांच्याबरोबर मुलांच्या तोंडाची तपासणी ठेवावी, आणि त्याच खोलीत समुपदेशकाची एक खुर्ची ठेवावी. मनाच्या डॉक्टरांकडे जायला मुले लाजतात, दात दाखवायला लाजत नाहीत. दुसरे, अभ्यासिकेत आठवड्यातून एक तास मोठ्या मुलांनी लहान मुलांशी बोलण्यासाठी ठेवावा. ज्याने इंग्रजीतले पहिले वर्ष पार केले आहे, त्याच्याइतके धीराचे शब्द आम्हालाही सांगता येणार नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, कोणी अपमान केला तर तो दातांखाली दाबून ठेवू नका. आईला सांगा, वडिलांना सांगा, ताईला, सरांना, मित्राला सांगा. कोणीच नसेल तर १४४१६ ला सांगा. बोलणे हा दुबळेपणा नाही. आपल्या समाजाने मान मिळवला तो बोलून, लिहून आणि संघटित होऊनच.

 आता घरी जाताना पुन्हा एकदा जबड्याकडे लक्ष द्या : ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल.

भवतु सब्ब मंगलं.